खपली

मे महिन्याची दुपार. अंगणात व्हॅन धुवायला काढली होती. मारुती ओम्नी, 2004 ची. डाव्या सरकत्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली एक फोड दिसला, मसुराएवढा. शहाण्या माणसाने तो तसाच राहू दिला असता. मी नख लावलं. रंगाची खपली निघाली, खाली तपकिरी भुगा, आणि भुगा झटकला तर करंगळी आत!

"खाजवू नको रे," पडवीतून आई.

हे वाक्य मी गुडघे फुटायच्या वयापासून ऐकतोय. तेव्हाही खपली वाळायच्या आत काढायचो. मग रक्त, हळद, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची धमकी. भिंतीचे पोपडे, बाटल्यांची लेबलं, काही म्हणजे काही सुटलं नाही.

रत्नागिरीत गंजाचं कुणाला नवल नाही म्हणा. पावसाळ्याआधी आजी विळी, कोयती, अडकित्ता सगळ्यांना खोबरेल चोपडून जुन्या लुगड्यात गुंडाळायची. एवढी काळजी घेणाऱ्या आजीच्या स्वतःच्या ट्रंकेने मात्र माजघरातल्या फरशीवर तांबडा चौकोन उमटवला होता. दिवाळीत ट्रंक हलवली की तो मोकळा व्हायचा. त्यात उभं राहिलं तर आउट नाही, असा आमचा पकडापकडीतला कायदा होता. फरशी कितीही घासली तरी तो गेला नाही.

तर व्हॅन. पत्र्याचं काम करणारे दादा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दारभर ठोकत गेले. टण् वाजलं की पत्रा जिवंत, भद् वाजलं की गेला. वीतभर भद् निघालं. त्यात मागच्या वर्षी मी हौसेने थापलेली लांबीही, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, होती. दादांनी ती टोचून काढली आणि माझ्याकडे बघितलं फक्त. मग दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात त्यात केरसुणीचा हीर घातला. आतून भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू, सुरूच्या काड्या आणि चहाच्या रंगाचं कपभर पाणी आलं. वाळूतलं मीठ कोरड्या दिवशीही हवेतली ओल ओढतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून रंग फुगतो. म्हणजे मला फोड दिसला तेव्हा आतलं काम उरकलेलं होतं.

कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग केला, त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइड, गंज रोखणारा तांबडा प्रायमर. आमच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस होतो. नवं दारच का टाकू नये, असं विचारलं तर म्हणाले, भंगारातलं आणाल, ते आपला गंज घेऊन येईल. खालून इंजिनचं जुनं, जळकं ऑइल मारू का? नको, रबर खराब होतात. दाराच्या आत मात्र त्यांनी मेणासारखं काहीतरी फवारलं. आजीला हे पटलं असतं, फक्त तिने वास विचारला असता.

इंजिन अजून अर्ध्या चावीत उठतं.

उजव्या चाकामागे तिळाएवढं काहीतरी वर आलंय. मी सध्या त्या बाजूला वाकत नाही.