आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

कराटे म्हटलं की लोकांना हात आठवतात. मी क्लासला जाते हे कळल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच, "मग कौलं फोडतेस का?" पायांची चौकशी कुणी करत नाही. प्रत्यक्षात क्लासचा बराचसा वेळ मुठी कमरेशी घेऊन नुसतं उभं राहण्यात जातो आणि त्याची सगळी वसुली तळपायांकडून होते.

किबा-दाची हा त्यातला खरा सावकार. घोड्यावर मांड ठोकल्याचा स्टान्स, म्हणजे पवित्रा. पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद, पावलं समांतर, गुडघे वाकवून बाहेर रेटलेले, पाठ ताठ. घोडा तेवढा नसतो. आधी मांड्या बोंब मारतात, ते अपेक्षितच असतं. पण थोड्या वेळाने तळव्याची आतली कमान कुरकुरू लागते, अंगठ्याच्या मुळाशी पेटका येतो आणि बोटं उगाचच फरशीला धरायला धडपडतात. आमचा क्लास गंगापूर रोडवर सोमेश्वरच्या दिशेला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. धरण्यासारखं त्या टाइल्सवर काही नाही. त्यात निफाडचा घसरलेला पारा पेपरात पहिल्या पानावर झळकतो ते थंडीचे दिवस असले, तर सकाळी तिथे अनवाणी पाऊल टेकवायलाच धैर्य लागतं.

तसं अनवाण्याचं आम्हा नाशिककरांना कौतुक नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी चिखलातून, खडीवरून अनवाणी पुरी करणारी माणसं घरोघरी आहेत. लहान फेरी म्हटली तरी वीसेक किलोमीटर. तीच माणसं किबा-दाचीत उभी करा, दोन मिनिटांत देव आठवतील. चालताना एक पाऊल टेकतं तेव्हा दुसरं सुटतं, प्रत्येक पावलाला तेवढा विसावा मिळतो. स्टान्समध्ये सुटका नाही. स्नायू आवळलेले ते आवळलेलेच, त्यांच्यातून रक्तही धड फिरत नाही. नुसतं उभं राहणं हे चालण्यापेक्षा कष्टाचं काम आहे, हे बँकेच्या दारातल्या वॉचमनला आपल्याआधी कळलेलं असतं.

पाय दुखतात म्हटल्यावर घरात उपाय सुरू झाले. मिठाचं कोमट पाणी झालं. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवून झाली. सासूबाईंनी भांडीबाजारातून काशाची वाटी आणली आणि तूप लावून रात्री तळवे घासायला लावले. झोप इतकी छान लागते की वाटीविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. तळवा काळा पडतो तेव्हा "बघ, किती उष्णता निघाली" असं त्या म्हणतात. माझ्या मते तो काशाचा आणि तुपाचा आपसातला मामला असावा. पण सकाळी क्लासमध्ये पेटका हजरच.

सरांनी वाटीबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी मला स्टान्समधून बाजूला केलं आणि फरशीवर उमटलेले घामाचे ठसे दाखवले. उभं राहताना पावलाच्या आतल्या बाजूला जी कोरडी खाच असायला हवी, ती ठशात जवळपास भरून गेली होती. म्हणजे पाऊल आत कलंडलं होतं. ते का? तर गुडघा आत पडत होता. आणि गुडघा का, तर दिवसभर खुर्चीत बसून आखडलेले खुबे त्याला बाहेर जाऊच देत नव्हते. दुखणं तळव्याला, कारण हातभर वर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आता टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, या तिन्ही ठिकाणी वजन आहे ना, एवढं बघते आणि गुडघा करंगळीकडे रेटते. पेटका येतो, पण उशिरा येतो. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय सरळ ताणायच्या स्टान्समध्ये, मागची टाच उचलली जाते, तिथे चोर पोटरी. तिला जिन्याच्या पायरीवर टाच खाली सोडून ताणावं लागतं, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि एकाच प्रकाराने दोन्ही ताणले जात नाहीत. सासरेबुवा जुन्या नाशकातल्या तालमीत वाढलेले. ते म्हणतात, "टाच उचलते तर उचलू दे की! आम्ही बैठका चवड्यांवरच मारल्या." खरंय, पण त्यांच्या पायाखाली हौद्यातली तेल-ताक-हळद पाजलेली मऊ माती होती. (सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर मात्र सर आणि सासरे दोघांनाही सोडून डॉक्टर गाठावा.)

आणि स्टान्स थोडा उंच ठेवते. कराटेचे जुने गुरू गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला गेले, त्या सुमाराच्या फोटोंत त्यांचे स्टान्स त्यांच्याच परंपरेतल्या आजच्या शोतोकान शैलीपेक्षा चांगलेच उंच दिसतात. एवढा आधार मला पुरतो. रांगेतल्या पोरांना पुरत नाही. परवा एक जण जमिनीला टेकेल इतका खाली बसून माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, तुमचा घोडा फारच उंच आहे."

म्हटलं, "तुझं अजून शिंगरू आहे रे. पुढे बघ."