वळचणीचे पाणी आणि फ्रेंच छप्पर

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या दक्षिणेस आम्ही घर बांधायला घेतले, तेव्हा आर्किटेक्टने बाहेरच्या रूपाची तीन चित्रे समोर ठेवली: इंग्लिश ट्यूडर, फ्रेंच ग्रामीण आणि टस्कन, म्हणजे इटलीतल्या टस्कनी प्रांताच्या धाटणीचे. नॉर्थ कॅरोलायनात स्वतःच्या नकाशाप्रमाणे मोठे घर बांधणारी पुष्कळ कुटुंबे यांपैकीच एखादे रूप पसंत करतात, आणि पसंती बहुधा चित्रावरूनच ठरते. मी राजापूर तालुक्यात वाढलो असल्यामुळे कोणतेही छप्पर दिसले की त्याच्या पागोळ्या कुठे गळतील, याकडेच माझे लक्ष आधी जाते. शार्लटला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या मानाने थोडाच. पण तो बारा महिने पडत राहतो आणि इथल्या घरांच्या भिंती जांभ्याच्या नसून लाकडी चौकटीच्या असतात.

ट्यूडर घराच्या दर्शनी भागावरील काळ्या तुळया आणि त्यांच्यामधली पांढरी भिंत सर्वांच्या ओळखीची आहे. जुन्या इंग्लंडमध्ये या तुळया म्हणजे घराचा सांगाडाच होता. ओकचे खांब आणि तुळया लाकडी खुंट्यांनी सांधून मधल्या जागेत काठ्यांचे विणकाम करीत आणि त्यावर मातीचा लेप देत, म्हणजे आपल्याकडचा कूडच म्हणायचा. वरचा मजला खालच्या मजल्याच्या पुढे काढलेला असे, त्यामुळे खालच्या मातीच्या भिंतीला थोडा आडोसाही मिळे. अमेरिकेत १९२०च्या दशकात हे रूप लोकप्रिय झाले, तेव्हा त्यात सांगाडा म्हणून काही उरले नव्हते. साध्या लाकडी भिंतीवर विटांचा एकेरी थर चढवायचा आणि वरच्या भागात गिलाव्यावर फळ्या ठोकायच्या, अशी रीत पडली. फसवणुकीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आडव्या फळीच्या वरच्या कडेबद्दल, कारण तिथे पाणी थबकते आणि फळीमागच्या खिळ्याच्या भोकातून आत शिरते. ट्यूडर आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवले.

फ्रेंच रूपाचा मोह मात्र आवरला नाही, आणि त्याला कारण आमच्याच राज्यातले बिल्टमोर. जॉर्ज व्हँडरबिल्ट यांच्यासाठी रिचर्ड मॉरिस हंट यांनी ॲशव्हिल येथे उभारलेली ही २५० खोल्यांची हवेली १८९५च्या नाताळात उघडली. तिच्या दर्शनी जिन्याच्या मनोऱ्यात फ्रान्समधल्या ब्ल्वा येथील राजवाड्याचा नमुना दिसतो, बाहेरून इंडियानातला चुनखडीचा दगड आहे आणि वर पाटीच्या दगडाचे उभे छप्पर. असा उतार बर्फामुळेच आला, असे इथे सरसकट सांगतात. पण पाटीचे किंवा लाकडाचे तुकडे नुसते एकावर एक चढवून छावलेल्या छपरावर पाणी जितके लवकर निसटेल तितके बरे, आणि गवती छपराला तर ४५ अंशांच्या आसपास उतार लागतोच, हे गवताने शाकारलेला गोठा पाहिलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. जुन्या युरोपीय इमारतींच्या कठड्याखालून तोंड काढणारी अक्राळविक्राळ दगडी जनावरेही मुळात देवळाच्या गोमुखासारखीच. छपरावरचे पाणी भिंतीपासून दूर फेकणे हे त्यांचे काम.

आमच्या वसाहतीत याच रूपाची जी घरे आहेत, त्यांच्या छपरांवर मात्र सात-आठ पाखे, मागे खोली नसलेल्या चार खिडक्या आणि जागोजागी दोन पाख्यांच्या मधले खोलगट सांधे असतात. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो; या सांध्यांत पाने साचली आणि वारा उलटा फिरला की तेही थोडेफार वर चढून फळ्यांखाली शिरते. आम्ही खोट्या खिडक्या सगळ्याच गाळल्या आणि मुख्य छप्पर चारही बाजूंना उतरते ठेवले. रूप किंचित साधे झाले, पण मला तरी ते अधिक फ्रेंच वाटते.

गिलाव्याच्या बाबतीत इथल्या लोकांनी आधीच चटका खाल्लेला आहे. फोमच्या पाटांवर पातळ कृत्रिम गिलावा देण्याची पद्धत युरोपातून आली. तिथे ती प्रामुख्याने दगड-विटांच्या भिंतींवर वापरत, इथे लाकडावर वापरली गेली. १९९०च्या दशकाच्या मध्यास आमच्याच राज्यातल्या विल्मिंग्टन शहराच्या परिसरात अशा घरांच्या भिंती उघडल्या, तेव्हा बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या गिलाव्यामागचे लाकूड कुजलेले निघाले. खिडकीच्या कडेने आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

हे सारे ठाऊक असूनही आमच्या घरी चूक झालीच. पुढच्या ओसरीचे उतरते छप्पर जिथे दगडी भिंतीला लागून संपते, तिथे पाणी पन्हळीत वळवणारा तळहाताएवढा वाकवलेला पत्रा बसवावा लागतो. कंत्राटदाराने तो बसवला नव्हता. जोरदार पावसात छत्री घेऊन उभा राहिलो, तर पन्हळ कोरडी होती आणि तिच्या टोकाला चार बोटे सोडून पाणी भिंतीवरून खाली ओघळत होते. आमचा दगड म्हणजे सिमेंटमध्ये रंग घालून ओतलेले दीड इंच जाडीचे तुकडे. त्यामागे पाणीरोधक कागदाचे दोन थर आणि तारेची जाळी आहे, पण रोज ओहोळ लागला तर कागद तरी किती टिकणार? खालच्या ओळीतला एक दगड काढून पाहिला. कागदावर ओलीचा काळपट पट्टा उमटला होता. कंत्राटदार म्हणाला, "सिलिकॉन भरून देतो." मी म्हटले, "पत्रा लावा." शेवटी सात फूट उंचीचा पट्टा उसकटून पत्रा बसवला, त्यात तीन आठवडे आणि बरीच वादावादी गेली.

टस्कनबद्दल फार सांगण्यासारखे नाही. त्याचे कमी उताराचे कौलारू छप्पर आम्हांला रुचले नाही, इतकेच. खिडक्यांच्या बाजूच्या झडपा मात्र मी हट्टाने बिजागऱ्यांवर बसवून घेतल्या, दोन्ही मिळून खिडकी पुरती झाकली जाईल एवढ्या रुंद. वसाहतीतल्या इतर झडपा भिंतीला स्क्रूने आवळलेल्या असतात आणि मिटता आल्या तरी अर्धी खिडकी उघडी राहील, अशा अरुंद.

तो वाकवलेला पत्रा रस्त्यावरून दिसतो. दगडाच्या रंगात रंगवून टाकावा, असे पत्नीचे म्हणणे आहे, आणि रंगाचा डबा गॅरेजमध्ये आणूनही ठेवला आहे.