अर्जातला एक रकाना

आज एका सरकारी रोजगार मेळाव्यात दिवस गेला. ‘स्थलांतराची तयारी आहे का?’ या रकान्यापाशी एका मुलीचे पेन बराच वेळ अडले. शेवटी तिने ‘होय’ लिहिले आणि लगेच खोडले. लहान शहरांतील रोजगारासाठी भरवलेल्या मेळाव्यात हाच प्रश्न असावा, याचे मला नवल वाटले. नव्या कारखान्यांसाठी सवलती जाहीर होतात, पण आहे ती नोकरी टिकवण्याचा विचार कमीच होतो. जर्मनीत मंदीमुळे कामाचे तास घटले, तर बुडालेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के, आणि मुले असणाऱ्यांना ६७ टक्के, भाग सरकारी रोजगार संस्थेकडून मिळतो, त्यामुळे कामगाराला (निदान लगेच तरी) गाव सोडावे लागत नाही. ब्रिटनने तर वाहन परवान्यांचे केंद्रीय कार्यालयच लंडनबाहेर, वेल्समधील स्वान्सी शहरात थाटले, म्हणजे नोकऱ्याच राजधानीबाहेर नेल्या. त्या मुलीने खाडाखोडीसह अर्ज पेटीत टाकला.