वरचा सा आणि हिरो आलम

गोव्यात माशेलच्या बाजारात ज्या हॉटेलात मी सकाळी पातळभाजी-उंडा (गोल पाव) खातो, तिथला भजी तळणारा पोरगा पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. कढईशेजारच्या तेलाच्या डब्याला त्याचा मोबाईल टेकवलेला असतो आणि तो दिवसभर बांगला बोलतो. 2022 साली त्यावर कितीतरी दिवस एकच गाणं वाजत होतं. ‘हावा’ या बांगलादेशी सिनेमातलं ‘सादा सादा काला काला’. सिनेमा लागण्याआधीच ते यूट्यूब-फेसबुकवरून घरोघर गेलं होतं. ते लिहिणारे हाशिम महमूद ढाका विद्यापीठाच्या चारुकलेच्या, म्हणजे चित्र-शिल्प शिकवणाऱ्या विभागाच्या, आवारात, मित्रांच्या अड्ड्यावर ते वर्षानुवर्षं गात आले होते. सिनेमात मात्र ते दुसऱ्याच्या गळ्यातून आलं.

त्याच मोबाईलवर मी हिरो आलम पाहिला.

“दादा, ये देखो,” म्हणत पोरानं झारा खाली ठेवला. पडद्यावर एक काडीपैलवान, भडक शर्ट घालून, सुराची काडीचीही पर्वा न करता गात होता. हॉटेलातले सगळे हसले. मीही हसलो. सूर लागत नव्हताच, त्यात काही शंका नको.

बांगलादेशातल्या बोगुडा जिल्ह्यातला हा माणूस. केबलचा धंदा करायचा आणि स्वतःच्याच केबलवर दाखवायला स्वतःचे व्हिडिओ काढायचा. फेसबुकवाल्यांनी ते टिंगल करायला शेअर केले आणि टिंगल करता करता त्याला देशभर पोचवलं. ढाक्याच्या सिनेमावाल्यांनी त्याला कधी उंबऱ्यावर उभं केलं नसतं. त्याला उंबरा लागलाच नाही.

गंमत इथवर. जुलै 2022 मध्ये ढाक्याच्या पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि रवींद्रसंगीत, नजरुलगीती (रवींद्रनाथ आणि कवी नजरुल इस्लाम यांची गाणी) पुन्हा गाणार नाही असं लिहून घेतलं. बेसूर गातो म्हणून पोलीस! आमच्याकडे हा कायदा आला तर जत्रेतली निम्मी नाटकं पहिल्या अंकातच चौकीवर जातील. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये बोगुडा-4 च्या पोटनिवडणुकीत तो अपक्ष उभा राहिला, निशाणी एकतारा. हरला, पण फक्त 834 मतांनी. त्याच वर्षी जुलैत ढाका-17 मध्ये पुन्हा उभा राहिला, तर मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर त्याला मारहाण झाली. नाचत होता तोवर सगळ्यांचा लाडका होता. रवींद्रनाथांना हात लावला, मतं मागितली, आणि हसणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या.

हे मला एवढं का लागतं, ते सांगतो. गेल्या जत्रेत आमच्या सावईवेऱ्याच्या मांडवात तिसऱ्या अंकातलं पद मी घेतलं. वरचा सा लावायला गेलो आणि आवाज फाटला, जुनं धोतर फाटावं तसा. पेटीवाल्यानं भाता दाबून सांभाळून घेतलं. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी तर चुकचुकण्याइतकंही मनावर घेतलं नाही. रात्रीचे दोन वाजले होते. पण सकाळी भाचा धावत आला: “मामा, तूं व्हायरल जाला!” तेवीस सेकंदांचा तुकडा, खाली कोणी कोंबड्याचा आवाज जोडलेला. त्याआधीची साडेतीन मिनिटं, जी मी बरी गायलो होतो, ती कोणाच्याच मोबाईलमध्ये नव्हती.

आठवडाभर बाजारात गेलो नाही. आठव्या दिवशी हॉटेलात शिरलो तर मुर्शिदाबादकरानं न सांगता चहा ठेवला आणि विचारलं, “दादा, आप भी हिरो?” त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही.

यंदाच्या तालमी सुरू झाल्यात. भाचा म्हणतो, ते पद गाळ. मी पेटीवाल्याला पट्टी काळी दोनवरून काळी एकवर उतरवायला सांगितलंय.