नागपूरहून अंबाळ्याला: दहाव्याचा प्रवास

काकूंचा दहावा अंबाळ्याला करायचा ठरला, म्हणून पहाटेच गाड्या काढल्या. कामठी, कन्हान, मग जबलपूर रोडने मनसर आणि तिथून उजवीकडे रामटेक. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, सव्वा तास धरून चालावं. इतवारीहून रामटेकला रेल्वेही जाते, पण दहाव्याचं सामान, म्हातारी माणसं आणि अस्थींचं गाडगं सोबत असताना आपली गाडीच बरी. रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी, तिन्हीकडून टेकड्यांच्या आडोशाला अंबाळा तलाव आहे. काठाला दगडी घाट आणि जुनी देवळं. विदर्भातली कितीतरी घरं अस्थी इथेच सोडतात.

अस्थींची काळजी स्मशानघाटावर राख सावडतानाच घ्यावी लागते. वरून गार दिसलेली राख आत निखारा धरून असते. दूध-पाणी शिंपडून नीट विझवल्याशिवाय फडक्यात बांधली तर फडकं जळतं. पायाकडून सुरुवात करून डोक्याकडे वेचत जायचं, म्हणजे डोक्याच्या अस्थी गाडग्यात वर राहतात. प्लास्टिकची पिशवी नको, आत ओल धरते. उरलेली राख झाडाला घालायची असेल तर मातीत थोडी थोडी मिसळून घाला. राख क्षाराची असते, रोपाच्या मुळाशी घमेलंभर ओतली तर रोप जळतं. आणि जीवखडा! दहा दिवस तिलांजली ज्या दगडावर द्यायची तो घरच्या आवराआवरीत हमखास हरवतो. तो गाडग्यासोबतच ठेवावा, दहाव्याला त्याचंही विसर्जन होतं.

पिंडांचा भात घरूनच न्यायचा असेल तर तांदूळ नवा घ्या. जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि गार झाला की त्याचा पिंड वळला जात नाही, हातातच फुटतो. चिन्नोर उत्तम, नसेल तर कुठलाही साधा नवा तांदूळ चालतो. पाव किलो पुरतो. मीठ घालायचं नाही, पाणी नेहमीपेक्षा जास्त, आणि भाताचा गंज, म्हणजे पातेलं, झाकूनच न्यायचा. काळे तीळ, जवाचं पीठ, तूप, मध, दर्भ, पांढरी फुलं, पळसाच्या पत्रावळी-द्रोण ही यादी गुरुजी देतातच. सामान त्यांचं की आपलं, दक्षिणा किती, मुंडणाचे वेगळे किती, हे सगळं आदल्या दिवशी फोनवर बोलून घ्यावं. घाटावर ओल्या अंगाने घासाघीस करणं फार वाईट दिसतं.

खरी अडचण येते ती नावांची. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात आणि काम चालतं. पण लग्न झालेल्या बाईचं सपिंडीकरण, म्हणजे तिचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळण्याचा विधी, सासरच्या बायकांबरोबर होतं, म्हणजे सासू, आजेसासू आणि पणजेसासू अशी तीन नावं लागतात. पुरुषांची वंशावळ शेताच्या कागदांत सापडते. बायकांचं माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरचं कुणी कधी हाकेला वापरलं नाही. वर्षानुवर्षं घर चालवलेल्या बाईचं नाव चौथ्या पिढीला ठाऊक नसावं, याचा मला राग येतो. शोधायचंच तर माळ्यावरची पितळी भांडी उतरवा. काकूंच्या आजेसासूंचं नाव आम्हाला एका घंगाळाच्या काठावर मिळालं: टिंबाटिंबांनी कोरलेलं, चिंचेने घासल्यावर उमटलेलं, शेजारी गावाचं नाव. सपिंडीकरणाआधी ही नावं कागदावर उतरवून कार्य करणाऱ्याच्या खिशात द्या, ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.

विसर्जनाच्या वेळी वारा पाठीशी घ्या, नाहीतर राख तोंडावर येते. जळलेली हाडं सच्छिद्र आणि हलकी असतात, कोरडी सोडली की काही तरंगून पुन्हा पायरीला लागतात. म्हणून आधी गाडग्यातच दूध-पाण्याने भिजवावीत. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा कार्य करणाऱ्याचा हात धरून मागे एकाने उभं राहावं.

पिंड ठेवले की मंडळी कावळ्याची वाट बघत गोल करून उभी राहतात, आणि कावळा नेमका त्यामुळेच उतरत नाही. दहा-पंधरा पावलं मागे सरा. रामटेकला वानरं भरपूर. कावळ्याआधी तीच पिंड उचलतात, म्हणून काठी घेऊन एक माणूस बाजूला हवा. पिशव्याही गाडीतच राहू द्या. ऊन चढल्यावर कावळे कमी होतात, तेव्हा नऊच्या आत पिंड मांडले तर बरं. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून लावतात. त्यावरून ‘काय बरं राहिलं असेल’ म्हणून बायकांना रडवू नये.

अंबाळ्यावरून गडावर जुन्या पायऱ्या जातात. इथवर आलोच आहोत तर रामाचं दर्शन घेऊ, असं कुणीतरी म्हणतंच. सुतकात देऊळ नको. तेरवी झाल्यावर या.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, त्यानंतर विलंब शुल्क लागतं आणि ३० दिवसांनंतर परवानगीचे हेलपाटे सुरू होतात. स्मशानघाटाची पावती जपा, नाव आधारकार्डावर आहे तसंच लिहा.

वर्षश्राद्ध तारखेला नसून तिथीला असतं. म्हणून महिना, पक्ष, तिथी त्याच आठवड्यात पंचांगावरून लिहून ठेवा. नवरा हयात असताना गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातली अविधवा नवमी असते, तिथी हुकलीच तर सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी मात्र अंबाळ्याला गर्दी असते, गुरुजी आधीच सांगून ठेवावे लागतात.