शंभरचं पेट्रोल

परवा दुपारी चेंबूरच्या एका पंपावर रांगेत होतो, ऊन असं की पंपाच्या छपराखालून बाहेर निघूच नये. माझ्या पुढे एक अ‍ॅक्टिवावाले काका. जेवणाचा डबा हँडलला, हेल्मेट कोपराला. पंपावरच्या पोराने विचारलं, "साब, पॉवर डालूं?" आणि काका एकदम रुबाबात, "हां, पॉवरच टाक, पिकअप चांगला येतो." दोनशेचं घेतलं, झीरो नीट बघून घेतला, गेले सुद्धा. मला हसू आलं, कारण त्या स्कूटरला साधं पेट्रोल काय आणि हे महागातलं पॉवर काय, काही फरक पडणार नाहीये, पण काकांना पिकअप येणार म्हणजे येणार. मग माझा नंबर लागला. माझी पोलो जुनी, बंपरला ओरखडे, एक व्हीलकॅप कधीच उडून गेलेली. पोराने गाडीकडे एकदा बघितलं आणि नोझल उचलत म्हणाला, "सादा ना?"

सादा ना!

आता त्याला काय सांगू की बाबा रे, ही जीटी टीएसआय आहे, १.२ लिटरचं एवढुसं इंजिन पण त्याला हवा कोंबणारा टर्बो आहे, कंपनीतून येताना ताकद १०५ पीएस होती आणि ठाण्याच्या एका गाळ्यात लॅपटॉप लावून एका मुलाने तिचा मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं गणित, बदललाय, स्टेज वन म्हणतात त्याला, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब वाढवलाय, टाइमिंग पुढे घेतलंय म्हणजे ठिणगी आधी पडते, आणि जाताना त्याने मला दम दिलेला की अंकल ९५ ऑक्टेनच्या खाली जायचं नाही, शक्य असेल तर १०० टाका. अंकल म्हणाला ते बाजूला ठेवू. तेव्हापासून पंपावर जाणं हा माझ्यापुरता एक विधी झालाय. बायकोला वाटतं मी पेट्रोल भरायला जातो.

आणि मागायचं कसं हाही प्रश्नच. "शंभरचं टाक" म्हटलं की पोरगा शंभर रुपयांचं टाकायला निघतो, जे मुंबईत २०२१ च्या मे महिन्यापासून एक लिटरसुद्धा येत नाही. म्हणून नाव घेऊन मागायचं. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५ की एक्सपी १००, एचपीचं पॉवर, भारतचं स्पीड. मधे ९७ होतं, ९९ पण होतं, ते मिळायचं ते पंप आम्हा लोकांना तोंडपाठ होते. शंभरवालं २०२० च्या डिसेंबरात आलं तेव्हाच लिटरला १६० च्या घरात होतं, आणि ते सगळ्या पंपांवर नसतंच. असलं तरी एका कोपऱ्यात एकच मशीन, त्यावर धूळ, आणि ते चालवणारा माणूस जेवायला गेलेला.

मग माझी खोड अशी की मी पंप निवडतो खप बघून. जिथे प्रीमियमला गिऱ्हाईक नाही तिथलं पेट्रोल टाकीत किती दिवस पडलंय कुणाला माहीत, म्हणून जिथे बाइकवाली पोरं ९५ भरताना दिसतात तिथे जायचं. टँकर खाली होत असेल तर पुढचा पंप, कारण तळाचा गाळ ढवळला जातो. सकाळी गारव्यात भरायचं असंही एक आहे, म्हणे थंड पेट्रोल दाट असतं. पेट्रोलची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ दुपार सारखीच, हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मी जमेल तेव्हा सकाळीच भरतो.

लोकांना वाटतं ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जोरदार, बार उडवल्यासारखं पेटणार. तसं काही नाही, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल उलट पेटायला आळशी असतं. त्याला दाबा, तापवा, ते ठिणगी येईपर्यंत थांबून राहतं. पंगतीत कसं, वाढप्ये अजून इकडच्या टोकाला आहेत, वदनी कवळ व्हायचंय, आणि पार शेवटच्या पाटावरच्या चार जणांनी हात मारायला सुरुवात केलेली असते, तसं साधं पेट्रोल. ठिणगी पडून ज्वाळा एका बाजूने सरकत येत असते, तेवढ्यात लांबच्या कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने तापून आपलं आपणच पेटतं. तोच ठोका. टर्बो हवा आधीच कोंबून पाठवतो, ट्यून केला की अजून कोंबतो, म्हणजे कोपऱ्यातल्या चौघांची भूक अजून वाढली. फार झालं तर पिस्टनला तडा जातो. काकांच्या अ‍ॅक्टिवात एवढा दाबच नाही, तिथे सगळे शहाण्यासारखे बसलेले असतात, म्हणून जास्तीचे पैसे वाया.

मधे फॅमिली ग्रुपवर न्यू जर्सीच्या चुलतभावाने पंपाचा फोटो टाकला, त्याच्याकडचं सगळ्यात वरचं ९३. आमचे मोठे काका खूश, म्हणे बघा, आपल्याकडे ९५ आणि अमेरिकेत ९३! आता त्यांना कोण सांगणार की तिकडचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो आणि आपला एकाच चाचणीचा, त्यांचं ९३ म्हणजे आपलं साधारण ९८ होतं. मी टाइप केलं होतं, मग खोडलं. काकांचा वाढदिवस होता.

चेंबूरला राहून पेट्रोलबद्दल मत नसणं अवघडच आहे म्हणा. माहुलच्या दोन रिफायनऱ्या इथून हाकेवर, एक १९५४ ची, पूर्वी एस्सोवाल्यांची, आताची एचपी, आणि दुसरी १९५५ ची बर्मा शेलची, ती आता भारत पेट्रोलियम. रात्री गच्चीवर गेलं की चिमणीवरची ज्योत दिसते, वारा फिरला की वास येतो, पाहुणे नाक मुरडतात आणि आम्हाला जाणवतही नाही. आणि गंमत अशी की साधं पेट्रोल या कंपन्या एकमेकींच्या डेपोतूनही उचलतात, मग आमच्यातले काही लोक शपथेवर सांगतात की अमक्याचं पेट्रोल गाडीला मानवतं आणि तमक्याचं मानवत नाही. मीही सांगतो. माझ्या गाडीला सायनकडच्या एका पंपाचं मानवतं.

आता तर त्यात ऊस पण आला. वीस टक्के इथेनॉल. माझी गाडी त्याच्या बरीच आधीची, रबराचे पाइप आणि सील वीस टक्क्यांचा विचार करून बनवलेले नाहीत, म्हणून जुन्या गाड्यांवाले १०० च्या मागे धावतात, इथेनॉल नको म्हणून. पण ठोक्यापुरतं बघितलं तर इथेनॉल गुणी आहे, त्याचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर, शिवाय वाफ होताना आतली हवा गार करतं, ट्यूनरलोक त्याच्यावर जीव टाकतात. फक्त लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं. मामाचा सांगलीकडे ऊस आहे, तो परवा फोनवर हसत होता, म्हणाला आमचा ऊस तुमच्या टाकीत, बिल मात्र कारखाना उशिरा देतोय. मी म्हटलं मामा, पंपवाला मला उधारी देत नाही. यावर तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

आमच्या पप्पांची फियाट होती. म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण तिला पद्मिनी कुणी म्हणत नसे, फियाटच. स्टिअरिंगवर गियर, थंडीत चोक ओढायचा. मे महिन्यात गावी जायचं, तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, जुन्या घाटानेच. खोपोली सोडली की पप्पा टेप बंद करायचे. आम्ही मागे तिघं, मधे पाण्याची कळशी, कारण रेडिएटर उकळायचा. शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून आई खिडकीतून नाणं टाकायची आणि त्यानंतरच्या चढावर सगळ्यांनी गप्प बसायचं. गप्प म्हणजे गप्प. पप्पा मान थोडी तिरकी करून ऐकत असायचे. मग बारीक आवाज यायचा, किट किट किट किट, आणि पप्पा म्हणायचे, "ठोकतेय." जणू घरातल्या कुणाला ताप आलाय अशा आवाजात. गियर खाली, पाय थोडा वर. "चढावर वरच्या गियरात दाबून मारायची नाही कधी," हे वाक्य आमच्याकडे शुभंकरोतीच्या जोडीने पाठ झालेलं.

आणि मग पुढे लोणावळ्यापर्यंत पंपवाल्याचा उद्धार. "रॉकेल मिसळलंय त्याने." रॉकेलने ठोका वाढतो हे खरंच आहे, आणि तेव्हा भेसळ किती चालायची सगळ्यांना माहीत होतं. पप्पा पंपावर फिल्टर पेपर मागणारे गृहस्थ होते. थेंब टाकायचा, पेट्रोल उडून गेलं आणि डाग राहिला नाही तर ठीक. गिऱ्हाइकाला तो हक्क अजूनही आहे, पण तो बजावणारे मी आयुष्यात एकच पाहिलेत, आणि मागच्या गाड्या हॉर्न मारत असायच्या आणि आम्ही तिघं सीटखाली जायचो लाजेने. तेव्हा ८७ आणि ९३ असे दोन प्रकार असत, पप्पा साधंच घ्यायचे, पण गावी जाताना ९३. गावी जाताना नवे कपडे, नवी चप्पल, आणि गाडीला ९३.

माझ्या गाडीत कुणी ऐकत नाही. म्हणजे मी ऐकत नाही. इंजिनच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बोल्टने आवळलेला असतो, तो ऐकतो, ठोक्याची चाहूल लागली की कॉम्प्युटर टाइमिंग मागे घेतो आणि सगळं परत ठीक. मला कळतही नाही. जोर जरासा कमी होतो, ते मी ट्रॅफिकवर, एसीवर, माझ्या पोटावर ढकलतो. साधं पेट्रोल टाकलं तरी गाडी तक्रार करत नाही, गपचूप जमवून घेते, आणि हेच मला कधी कधी खटकतं. पप्पांच्या गाडीत काय बिघडतंय ते लहान पोरांनाही ऐकू यायचं. इथे बघायचं तर डॅशबोर्डखाली डाँगल लावायचा, फोनवर लॉग म्हणजे इंजिनच्या नोंदी काढायच्या, कुठल्या सिलिंडरला किती डिग्री मागे घेतलं ते आलेखात बघायचं. मी काढतो अधूनमधून. उन्हाळ्यात दुपारी आकडे वाईट, पावसाळ्यात सुंदर. डीएसजी, म्हणजे गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तर इतक्या लवकर वरचा गियर टाकते की घाटात मी मॅन्युअलला घेऊन खालीच ठेवतो, पप्पा शेजारी बसल्यासारखं.

बाकी एवढं सगळं करून जायचं कुठे? सायन सर्कलला पाऊण तास. कोस्टल रोडला ८०, बोगद्यात ६०, वर कॅमेरे. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पहिल्या गियरमधे जाळत छेडानगरच्या पुलाखाली उभं राहण्यात जी मजा आहे ती ज्याची त्याला माहीत.

पण पप्पांच्या त्या ९३ बद्दल मी नंतर कधीतरी वाचलं. ऑक्टेन वाढवायचं कसं, तर शिसं घालून. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजलीने पेट्रोलमधे टेट्राइथाइल लेड घालून बघितलं आणि ठोका गायब, तेही अगदी थोडक्यात आणि स्वस्तात. त्याला स्वतःलाच शिशाची बाधा झाली, १९२३ ला फ्लोरिडात जाऊन विश्रांती घ्यावी लागली, आणि तरी पुढच्या वर्षी पत्रकारांसमोर त्याने ते हातावर ओतून, नाकाशी धरून हुंगून दाखवलं की बघा, काही होत नाही. मग जगभर तेच. आपल्या चार महानगरांत अनलेडेड एप्रिल १९९५ ला आलं, तेही नव्या गाड्यांपुरतं. देशभर शिसं बंद व्हायला २००० साल उजाडलं. सगळ्यात शेवटी अल्जेरिया, २०२१.

घाटात आम्ही काचा खाली करून बसायचो, उकडायचं म्हणून. पुढच्या गाड्यांचा धूर सरळ आत. पंपावर तर मी मुद्दाम डोकं बाहेर काढायचो, तो वास मला फार आवडायचा, धाकटीलाही आवडायचा. शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे कित्येक वर्षं राहतं, लहान मुलांच्या मेंदूला तर थोडंही वाईट, हे आता सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्यात किती गेलं असेल ते आता कुठल्या लॉगमधे निघणार नाही. पप्पांना हे सांगितलेलं नाही. ते ८१ वर्षांचे आहेत आणि अजूनही मी पेट्रोल भरून आलो की पहिला प्रश्न तोच असतो, फिल्टर पेपर मागितलास का.