शिल्लक सेकंदांचा हिशेब

माझा भाचा पुण्यात २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल खेळतो. मी फोंड्याला हायर सेकंडरीत गणित शिकवतो आणि स्वतः १० मीटर एअर पिस्तूलच्या पुढे कधी गेलो नाही. त्यामुळे माझ्याकडे हिशेबनिसाचं काम आलंय. तो सरावाचे व्हिडिओ पाठवतो, मी त्यांतला आवाज ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. प्रत्येक गोळीचा उभा सुळका दिसतो. शेजारच्या लेनचे आवाज मधे घुसतात, पण फोन ह्याच्या मागेच असतो, म्हणून ह्याचा सुळका सगळ्यांत उंच. हिरवा दिवा कधी लागला ते तेवढं चित्रात बघावं लागतं. (बायकोला वाटतं मी पेपर तपासतोय.)

खेळ असा: ओळीत पाच टार्गेटं, मध्यापासून मध्यापर्यंत ७५ सेंटीमीटर. हात ४५ अंशांत खाली. हिरवा दिवा लागला की हात उचलायचा आणि प्रत्येक टार्गेटवर एक गोळी, ही झाली एक सिरीज. ८ सेकंदांच्या दोन सिरीज, मग ६ च्या दोन, मग ४ च्या दोन. हे सगळं दोनदा, एकूण ६० गोळ्या.

कोणीही पहिल्यांदा विचारतं, "किती फास्ट आहे?" आयपीएससी नावाच्या दुसऱ्या नेमबाजी प्रकारात हा प्रश्न शोभतो. तिथे गुणांना वेळेने भागतात. ५ सेकंदांत ३० गुण म्हणजे ६. ४ सेकंदांत २६ गुण म्हणजे ६.५. चार गुण सोडून एक सेकंद वाचवणारा तिथे पुढे. रॅपिड फायरमध्ये वाचवलेल्या सेकंदाला दमडीचीही किंमत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारला रौप्य मिळालं ते फायनलच्या ४० पैकी ३० हिट्सवर. सुवर्ण घेणाऱ्या क्यूबाच्या लेउरिस पुपोचे ३४. त्या फायनलमध्ये ४ सेकंदांच्या आत ९.७ किंवा जास्त गुणांची गोळी लागली की हिट. कोण आधी उरकला, हे गुणफलकावर येतच नाही.

आता भाच्याची ६ सेकंदांची एक सिरीज बघा. पहिली गोळी १.७ सेकंदाला, पाचवी ४.२ ला. गुण १०, ९, ९, ८, ८. उजवीकडून डावीकडे फिरताना शेवटच्या दोन्ही गोळ्या उजवीकडे पडल्या. म्हणजे पिस्तूल मध्यावर पोचायच्या आधीच ट्रिगर दाबला गेला. ४४ गुण, आणि खिशात १.८ सेकंद पडून! मी फोनवर म्हटलं, "अरे, हे पावणेदोन सेकंद कोणाला दान केलेस?"

"मामा, तिथे उभं राहून मोजता येत नाही. लय लागते."

बरोबर आहे त्याचं. म्हणून चवथीला तो घरी आला तेव्हा वसरीत ५ मीटरवर लहान टार्गेटं लावली. सगळं पाच पटीने कमी: दोन टार्गेटांमध्ये १५ सेंटीमीटर, आणि खरी दहाची रिंग १०० मिलिमीटर असते ती इथे २०. पिस्तूल रिकामं, उघडून दोघांनी तपासलेलं, आणि रस्त्याकडची दारं बंद, नाहीतर मोदक घेऊन आलेली शेजारीण तिथूनच परतायची. मोबाईलवर मेट्रोनोम. ६ सेकंदांसाठी पहिला ठोका २ ला, मग प्रत्येकी ०.८, पाचवा येतो ५.२ ला. ४ साठी पहिला १.५ ला, मग ०.५५, शेवट ३.७ ला. फिरायचं ते कमरेतून. २५ मीटरवर दोन टार्गेटांमधला कोन पावणेदोन अंशांच्या आतच आहे, त्यासाठी खांदा हलवायची गरज नाही.

हिशेबाच्या वहीत आता गुणांशेजारी 'शिल्लक' असा रकाना आहे. ६ च्या सिरीजमध्ये शिल्लक सेकंदाच्या वर गेली की लाल शाई.

त्याची तक्रार अजून आहेच. एकच लय सगळीकडे चालवावी, दोन डोक्यात ठेवल्या की ४ च्या सिरीजमध्ये पहिली गोळी उशिरा सुटते, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण वहीत तपासता येईल. पुढचे व्हिडिओ आले की ६ नंतर लगेच मारलेल्या ४ च्या सिरीजमधली पहिली गोळी तेवढी वेगळी काढणार आहे.